वाढत्या अंगाचं माप

डहाणू
२४ फेब्रुवारी २०२५

चि. वर्षा हिस,

ओळखलंस का? आश्रमशाळेत तुला मराठी शिकवणारी प्रभाबाई. समोर बाई म्हणायचात, पाठीमागे काय म्हणायचात तेही मला ठाऊक आहे. आमच्या डहाणूच्या शाळेतली माझी सहकारी संगिता रोज तलासरीहून येते. तिचा ब्लाऊज इतका नेटका बसलेला दिसला की कोणी शिवला म्हणून मी विचारलं, तर तुझं नाव निघालं. वीस वर्षांनी आपल्या विद्यार्थिनीचं नाव असं कौतुकात ऐकू यावं, याचा आनंद झाला.

काम असं आहे. मी मेअखेरीस निवृत्त होते आहे. १ मेला झेंडावंदन आणि निकाल झाला की शाळा माझा निरोप समारंभ करणार आहे. त्या दिवशी निळी इरकल नेसायची आहे. तिच्या ब्लाऊजचं कापड संगिताच्या हाती पाठवते आहे, सोबत मापाचा ब्लाऊज आहे. माप अगदी बरोबर आहे. इथल्या शिंप्याकडे मला जायचं नाही. तो टेप घेऊन अंगाभोवती फिरतो आणि आकडे इतक्या मोठ्यानं म्हणतो की बाकावर बसलेल्या चार बायकांना ते पाठ होतात. माप बरोबर असल्यामुळे त्याची गरजही नाही.

फोन करू नकोस. आमचे हे वाणगाव स्टेशनवरून निवृत्त झाल्यापासून घरातच असतात आणि माझ्या प्रत्येक फोनला कान देतात. चिठ्ठी लिही, तुझं अक्षर कितपत टिकलं आहे तेही कळेल. घोलवडचे चिकू पाठवते आहे. मी सध्या चिकू खात नाही.

प्रभा चुरी


तलासरी
२ मार्च

बाई, नमस्कार.

तुमचं अक्षर बघितलं आणि मी मशीनवरून उठून उभीच राहिले. माझा नवरा मनिष हसायला लागला, म्हणाला, बाई काय पाकिटातून छडी काढणार आहेत का. चिकू दोन दिवसांत संपले, त्यातले निम्मे त्यानंच खाल्ले.

आता कामाचं. रागावू नका. मापाचा ब्लाऊज मी उलटा करून बघितला. आम्ही शिवणाऱ्या बायका कपडा उलटाच वाचतो. बाजूच्या शिवणी दोनदा उसवून बाहेर नेल्या आहेत, जुन्या सुईची भोकं अजून दिसतात. शिवणीच्या पलीकडे जी माया ठेवतात, पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून, ती आता बोटभरही उरलेली नाही. हूक अगदी काठावर सरकवले आहेत आणि मधे सेफ्टी पिनेचा गंज लागला आहे. हा ब्लाऊज तुम्हाला होत नाही, बाई. दोन-तीन वर्षांपासून होत नसावा. आणि माप बरोबर आहे असं तुम्ही एकाच चिठ्ठीत दोनदा लिहिलंत, तेव्हा तुम्हीच शिकवलेली एक म्हण आठवली. ती लिहीत नाही.

येत्या रविवारी मी टेप घेऊन डहाणूला येते. दार लावून दोन मिनिटांचं काम. आकडे मी मनात ठेवीन, मनिषलासुद्धा सांगणार नाही.

आणि लाजू नका. काल पाड्यावरची नवशीमावशी झंपर शिवायला आली. माझी टेप जुनी, उंदरानं टोक कुरतडलेलं, ती अडतीसलाच संपते. मावशीला ती पुरेना. मीच ओशाळले आणि तिची समजूत घालायला लागले. ती हात वर करून तशीच उभी. म्हणाली, "टेप अपुरी पडली तं नवी टेप घे, बाय. मी काय करू?" दुपारीच नवी टेप आणली.

तुमची वर्षा धोडी


डहाणू
६ मार्च

वर्षा,

चोराच्या मनात चांदणं, हीच ना ती म्हण? शिकवलेलं तुमच्या लक्षात राहतं, पण नको तिथे.

येऊ नकोस. दिलेल्या मापावर शिव. १ मेला अजून आठ आठवडे आहेत. मी भात बंद केला आहे, सकाळी समुद्रावर चालायला जाते, संध्याकाळी फक्त पपई खाते. तोवर मी त्या मापात बसेन. कपड्यानं माणसाचं ऐकायचं की माणसानं कपड्याचं, यावर मला चर्चा नको आहे.

अक्षर चांगलं आहे.

प्रभा चुरी


तलासरी
२३ मार्च

बाई,

सांगितलंत तसा शिवला आहे. माप अर्ध्या इंचानंही हलवलं नाही. अस्तर मऊ लावलं आहे, उन्हाळ्यात टोचू नये म्हणून.

एकच विनंती. घट्ट झाला तर जसाच्या तसा परत पाठवा. त्याला स्वतः काही करू नका.

होळीला आमच्याकडे सगळ्यांनी तडस लागेपर्यंत खाल्लं. तुम्ही पुरणपोळी खाल्लीत का? पपईवर माणूस किती दिवस राहतो?

वर्षा


डहाणू
९ एप्रिल

वर्षा,

सतरा दिवस तुला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून आता तुला लिहिते.

परवा दुपारी हे मासळीबाजारात गेले होते. मी दार लावून ब्लाऊज घातला. दोन्ही बाह्या दंडात अडकल्या आणि हात मागे ओढले गेले. ना वर चढेना, ना निघेना. मी तशीच पलंगावर बसून राहिले. हे परत आल्याचा आवाज आला, पण हाक मारवेना. तशा अवस्थेत त्यांनी मला बघितलं असतं, आणि गेली तीन वर्षं मी त्यांच्यासमोर साडीही बदलत नाही. उजवा हात कसाबसा पुढे आणला, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि डावी बाही कापली. मग काखेतून खाली कमरेपर्यंत कापत गेले. कात्री जड चालत होती. काढून उलटा केला तेव्हा कळलं. दोन्ही बाजूंना आत तीन-तीन बोटं कापड ठेवलं होतंस. म्हणजे तुला सगळं माहीत होतं, तरी तू मला खोटं पाडलं नाहीस. आणि मी त्याच कापडावर कात्री चालवली.

खरं ते असं. तीन वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली. मग थायरॉइड निघालं. वजन अठरा किलोंनी वाढलं. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ आम्ही सगळ्या शिक्षकांनी बसून बघितला. बक्षिसं देणारी एक जाडी बाई बाजूनं दिसली. ही कोण, असं मी विचारणार होते, तेवढ्यात साडी ओळखली. त्या दिवशी घरी येऊन कपाटाच्या आरशावर ओढणी टाकली, ती अजून तशीच आहे.

पोतं झालं आहे माझं. पोत्याला इरकल गुंडाळायची, हार घालायचा, फोटो काढून ऑफिसात लावायचा आणि मुलींनी तो वर्षानुवर्षं बघायचा. नको. १ मेच्या रजेचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. महिनाअखेरीस मुख्याध्यापकांना देईन. निरोप माझ्याशिवायही होतो.

तुझे कष्ट वाया घालवले, त्याचं वाईट वाटतं.

प्रभा


तलासरी
१३ एप्रिल

बाई,

चिठ्ठी दोनदा वाचली. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला. रागाचं आधी लिहिते.

पोतं कोणाला म्हणता? वर्गात एका मुलीनं दुसरीला पोतं म्हटलं असतं तर तुम्ही तिला तासभर दाराबाहेर उभं केलं असतं. मग तुम्हाला ही एकच मुलगी कशी सापडली, जिला काहीही बोललेलं चालतं?

आणि जे कधीच लिहिणार नव्हते तेही आज लिहिते. मी सातवीत होते. पाहुणे आले होते, त्यांच्याबरोबर शाळेचा फोटो काढायचा होता. मी तेव्हाही उंच आणि आडव्या हाडाची. नवा गणवेश घालून पुढच्या रांगेत उभी होते. तुम्ही म्हणालात, "वर्षा, तू मागे जा. तू पुढे राहिलीस तर तीन मुली झाकल्या जातील." सगळ्या हसल्या. तुम्हीही थोडं हसलात. मी मागे गेले ती अजून मागेच आहे, बाई. माझ्या लग्नाच्या फोटोत मी साडीच्या आत गुडघे वाकवून उभी आहे, कारण मनिष माझ्याहून दोन बोटं बुटका. त्यानं सांगितलं नव्हतं, माझं मीच. राग नव्हता असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. होता.

पण मला तुमचं दुसरंही आठवतं. दर जूनला गणवेशाची मापं तुम्ही घ्यायचात. शिंपी कापड वाचवायला बघायचा. तुम्ही प्रत्येक आकड्यात दोन इंच वाढवायचात आणि त्याला दटावायचात, "वाढत्या अंगाचं शिवा. माझी एकही मुलगी कपड्यात अडकता कामा नये." मी पोट आत ओढलं की टेप सैल सोडून म्हणायचात, श्वास सोड, शाळेत जेवायला मिळतं ते दिसू दे. तुमच्या ब्लाऊजात मी तीन बोटं ठेवली, ती तिथे शिकले म्हणून.

सोबत नवशीमावशीमुळे आणलेली टेप आहे. मला येऊ द्यायचं नसेल तर माप तुम्हीच घ्या. ओढणी काढा. पोट आत घेऊ नका. जून महिना आहे आणि समोर एक मुलगी उभी आहे असं धरून आकडे लिहा. कापलेले तुकडे सगळे पाठवा, चिंधीसुद्धा टाकू नका. तो अर्ज तेवढा फाडा.

जास्त बोलले असेन. पण खोडून लिहिलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून खोडत नाही.

तुमची वर्षा


डहाणू
१७ एप्रिल

प्रिय वर्षा,

मला ते आठवत नव्हतं. तुझं पत्र वाचून जुनी ट्रंक उघडली, फोटो सापडला. शेवटच्या रांगेत तुझं कपाळ आणि डोळे दिसतात, बाकी सगळी तू दुसऱ्या मुलींच्या मागे आहेस. झाकली गेलीस ती तूच. पुढे मधोमध खुर्चीवर मी बसले आहे, अंगानं सडसडीत, मान ताठ. या बाईच्या मापात परत बसायचं म्हणून मी दीड महिना भात सोडला होता. आज तिच्याकडे बघून तिचा हेवा वाटला नाही. माझं चुकलं, वर्षा. मी तुझी माफी मागते. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले.

माप घेतलं. आधी ह्यांना बाहेर पाठवलं होतं. पण टेप पाठीमागून एकटीला धरता येईना, म्हणून शेवटी हाक मारली. त्यांनी टेप धरली. एवढंच म्हणाले, "किती दिवसांनी बोलावलंस."

ओढणी काढली तेव्हा नजर आधी टाक्यांच्या खुणेवर गेली, मग पोटावर, आणि नेहमीचे शब्द तोंडाशी आले. ते गिळले आणि तू सांगितलंस तसा जून महिना डोळ्यांसमोर आणला. समोर अठ्ठावन्न वर्षांची मुलगी होती. तीन वर्षं दुखणं काढलेली, तरी रोज पाच तास उभी राहून शिकवणारी, आणि पोट आत ओढून धरलेली. तिला मी म्हटलं, श्वास सोड. मोठ्यानंच म्हटलं गेलं. ह्यांना वाटलं मी त्यांना सांगते आहे, त्यांनीही सोडला. मग आम्ही दोघं इतके हसलो की टेप खाली पडली आणि सगळं माप पुन्हा घ्यावं लागलं.

छाती बेचाळीस. कंबर एकेचाळीस. दंड सोळा. मुंढा एकोणीस. एकही आकडा कमी करून लिहिलेला नाही.

अर्ज मात्र अजून ड्रॉवरमध्येच आहे. तुला खोटं कशाला सांगू, निरोपाच्या त्या खुर्चीची अजून भीती वाटते. ब्लाऊज अंगात गेला आणि त्यात माझे हात वर झाले तर जाईन. पण गेले तर तूही तिथे असायला हवीस.

तुझी प्रभाबाई


तलासरी
२६ एप्रिल

बाई,

टेप खाली पडली ते वाचून मी मशीन थांबवून हसले.

तुमचा ब्लाऊज झाला. आतली माया सगळी सोडली, तरी कापलेल्या बाजूला कापड कमी पडत होतं. निळ्याला निळं शोधत होते, तर कपाटात आश्रमशाळेच्या गणवेशाचं निळ्या चौकटीचं कापड सापडलं. आता तिथले गणवेश मीच शिवते, वाढत्या अंगाचे. त्याची पट्टी बाहीखालून काखेत आणि तिथून कमरेपर्यंत लावली आहे. उजवी बाजू धड होती, ती मी कापली आणि तिथेही तशीच पट्टी लावली. एका बाजूला लावलं की ठिगळ दिसतं, दोन्हीकडे लावलं की लोक फॅशन म्हणतात.

हात खाली असले तर काही दिसत नाही. वर केलेत तर चौकटी साऱ्या सभेला दिसतील. म्हणून खुर्चीत हात जोडून बसा.

मी येते. लग्नसराईचं काम अंगावर आहे, मनिष कुरकुरतो आहे, पण येते. मागे दाराशी उभी राहीन, तिथून तुम्ही मला नीट दिसाल. फोटोला वगैरे बोलावू नका, मला सवय नाही.

माफीची चिठ्ठी मशीनच्या खणात ठेवली आहे.

तुमची वर्षा


डहाणू
५ मे

प्रिय वर्षा,

शाळेला सुट्टी लागली, संगिता येत नाही, म्हणून हे पोस्टानं. आत फोटो आहे. तो काढल्या काढल्या तू बस गाठायला पळालीस, त्यामुळे माझ्या खुर्चीतून काय दिसलं ते सांगायचं राहिलं.

त्या सकाळी ब्लाऊज घातला. सगळे हूक लागले. दोन्ही हात डोक्यावर नेले, ह्यांच्या समोरच. मग ड्रॉवर उघडून अर्ज फाडला.

एवढं होऊनही फोटोला खुर्चीत बसवल्यावर माझा हात पदर पोटावर ओढायला गेलाच. इतक्या वर्षांची खोड एका ब्लाऊजानं जात नाही. तेवढ्यात तू दिसलीस, दाराला टेकून उभी, गुडघ्यांत वाकून. तुझ्या आजूबाजूला कोणी नव्हतं, मागे कोणी झाकलं जाणार नव्हतं, तरी वाकली होतीस. ते मला बघवेना. मी हात वर केला. वर्गात पोरींना बोलवायचे तसा, पुरता वर. तुझी सूचना लक्षात होती. चौकटी दिसल्या. एका मुलीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, तेही मी बघितलं. तू नको नको म्हणून मान हलवत होतीस, आणि तू येईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं.

तू जवळ आलीस तेव्हा आमचे मुख्याध्यापक शांताराम सर माझ्या कानाशी वाकले, ते तुला ऐकू गेलं नसेल. ते म्हणाले की या बाई इथे उभ्या राहिल्या तर मागच्या तिघी झाकल्या जातील. शब्द तेच होते, वर्षा. ते चांगल्याच मनानं बोलले, आणि तेव्हा मीही चांगल्याच मनानं बोलले असेन. म्हणून रागावले नाही. म्हटलं, "मागच्यांसाठी बाक आणा, सर. ही इथेच उभी राहील."

बाक आणायला दोन मिनिटं लागली. वीस वर्षांपूर्वीही दोनच मिनिटं लागली असती.

फोटो नीट बघ. तू माझ्या खुर्चीशेजारी पूर्ण उंचीनं उभी आहेस. माझं पोट पोटासारखं दिसतं आहे. मी प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून पाहिलं, कोणीही झाकलं गेलेलं नाही. हाच फोटो ऑफिसात लागणार आहे. दुसरी प्रत तुझ्या लग्नाच्या फोटोशेजारी लाव.

पाकिटात हिरवं कापड आहे, रोजच्या वापराचा एक ब्लाऊज शिव. माप तुझ्याकडे आहेच. चिकू पाठवता येत नाहीत, या वेळचे मीच खाल्ले.

तुझी प्रभाबाई